हरणांपासून रान वाचवायचं : अनुदान कुंपणाला की मचाणाला?

इंग्लंडमध्ये लांडगा नाही, लिंक्स हे रानमांजरही नाही. त्यामुळे फॅलो, रो आणि मुंटजॅक हरणं रानातली कोवळी रोपं निर्धास्त खुडतात. यावर उपाय करणाऱ्या रानमालकाला ‘कंट्रीसाइड स्टुअर्डशिप’ या सरकारी अनुदान योजनेत कुंपणालाही पैसे मिळतात, आणि हरणं टिपणाऱ्या नेमबाजाच्या उंच मचाणालाही.

कुंपण उभं राहिलं की लगेच फरक दिसतो. रेड (तांबडं हरीण) आणि फॅलोसाठी साधारण १.८ मीटर उंची लागते. रो किंवा मुंटजॅकला १.५ मीटर पुरते, पण मुंटजॅक इतकं लहान की जाळीची भोकंही बारीक हवीत. छोट्या नव्या लागवडीला मी बिनदिक्कत कुंपणच सुचवेन. मोठ्या जुन्या रानाला मात्र नाही. एक झाड तारेवर कोसळलं की वाट मोकळी होते. शिवाय हरणांची संख्या तेवढीच राहते, ती शेजाऱ्याच्या रानात शिरतात. स्कॉटलंडमध्ये तर दुर्मीळ कॅपरकेली पक्षी अशा तारांवर आपटून मरतात.

मचाणाचा खर्च कमी, आणि वरून खाली मारलेली गोळी चुकली तरी जमिनीत जाते, म्हणून ते सुरक्षितही. पण मचाण स्वतः काही करत नाही. त्यावर वर्षानुवर्षं पहाटे बसणारा कुशल माणूस हवा, १९९१च्या हरीण कायद्यातले शिकारबंदीचे हंगाम पाळायला हवेत, आणि मुख्य म्हणजे माद्या मारायला हव्यात. नुसते शिंगवाले नर टिपून संख्या घटत नाही. या कामासाठी हेक्टरी वार्षिक अनुदान वेगळं मिळतं. शेजारचे मालक सोबत येणार असतील, तर मोठ्या रानासाठी अर्ज कुंपणाऐवजी मचाणाचा आणि या वार्षिक अनुदानाचाच करावा.