सीपॅप मशीन: शिमग्यापासून गणपतीपर्यंतचा अनुभव

सीपॅप म्हणजे झोपेत श्वास थांबू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारी मशीन. आधीच सांगते, मशीन चांगली आहे, छळतो तो मास्क. आणि लोक मशीनला नावं ठेवून ती कपाटात टाकतात ना, ते बऱ्याचदा मास्क नीट न बसल्यामुळेच.

मी गुहागरकडची. शिमग्याच्या सुमारास मशीन घेतली, आता गणपती होऊन गेले. बाईने घोरणं म्हणजे आपल्याकडे चारचौघांत बोलायची गोष्ट नाही, ह्यांनीच सांगितलं की घोरता घोरता तुझा श्वास मध्येच थांबतो आणि मग दचकून हवा ओढतेस. सकाळी डोकं जड, दुपारी नारळ खवताना डुलक्या, आणि सगळे म्हणायचे वय झालं. रत्नागिरीला डॉक्टरांनी स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतला श्वास तपासायची टेस्ट केली, एएचआय ३८ आला, म्हणजे तासाला सरासरी ३८ वेळा श्वास थांबतो नाहीतर अर्धवट होतो. ३० च्या वर गंभीर धरतात. पाळी गेल्यावर बायकांत हे वाढतं, पण हे कोणी सांगतच नाही, म्हणून मुद्दाम लिहितेय.

शेजारच्या काकूंना वाटलं मला ऑक्सिजन लावलाय. तसं नाही हो, घरातलीच हवा असते, झोपेत घसा सैल पडून मिटतो तो हवेच्या दाबाने उघडा राहतो एवढंच.

दुकानदाराने नाक-तोंड झाकणारा मोठा मास्क दिला होता, बसवून दाखवला तोही खुर्चीत. आडवं झालं की गाल सरकतात, मग डोळ्यांकडून हवा सुटायची, सकाळी डोळे लाल आणि नाकाच्या दांडीवर वळ. घट्ट आवळला तर कडेचं सिलिकॉन चुरगळून लीक अजून वाढतं. शेवटी डॉक्टरांकडच्या टेक्निशियन ताईंनी मला कॉटवर आडवं केलं, मशीन चालू ठेवूनच पट्टे सैल केले, मग नाकापुरता मास्क लावून बघितला आणि त्या रात्री मी पहिल्यांदा सलग झोपले. माझं नाक मोकळं असतं आणि तोंड मिटलेलं राहतं म्हणून तो चालला, तोंडाने श्वास घेणाऱ्यांना मोठाच लागतो बहुतेक. घ्यायच्या आधी आडवं होऊन बघायचा हट्ट धरा. सवय व्हायला दुपारी टीव्ही बघताना लावून बसायचे, तेही कामी आलं.

आता आपल्या पावसाचं. ह्युमिडिफायर, म्हणजे मशीनच्या टाकीतलं पाणी गरम करून हवेला ओलावा देणारा भाग, उन्हाळ्यातल्या सेटिंगवर ठेवला तर पाईपात पाणी साचून गुडगुड होते आणि नाकात थेंब येतात, जुलैत मी तो अगदी कमी केला आणि पाईप गोधडीखालून घेतला, थांबलं. टाकीत डिस्टिल्ड वॉटरच घाला, विहिरीचं पाणी उकळून जंतू मरतात पण क्षार जात नाहीत, ते तळाला पांढरे बसतात. पट्टे धुतले की आषाढात दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि कुबट वास मारतात, त्यामुळे पट्ट्यांचा दुसरा जोड घेऊनच ठेवा. फिल्टरही दमटपणात लवकर खराब होतो, बघत राहा.

लाईटीची भीती मलाही होती. मशीन बंद पडली तर गुदमरायला होत नाही, मोठ्या मास्कला बाहेरची हवा घ्यायला झडप असते आणि नाकाच्या मास्कमध्ये तोंड उघडलं की झालं. पण उपचार थांबतो आणि घोरणं परत सुरू. इन्व्हर्टरवर चालवताना पाण्याचं गरम करणं बंद ठेवा, सगळ्यात जास्त करंट तेच खातं, नुसत्या हवेला फार लागत नाही.

गणपतीत माजघरात आम्ही सगळ्या बायका ओळीने झोपलेलो, मी मास्क लावला तशी पोरं गोळा झाली, जाऊबाई मात्र काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मोदकाची उकड मळताना हळूच विचारलं, अगं ती टेस्ट कुठे केलीस? त्यांना बीपी आहे, गोळ्या वाढवूनही उतरत नाही, आणि घोरताना श्वास थांबण्याने असं होऊ शकतं हे मला डॉक्टरांनी सांगितलेलं. त्यांची स्लीप स्टडी पुढच्या आठवड्यात आहे, मी सोबत जातेय.

माझा एएचआय आता बहुतेक रात्री ५ च्या खाली दाखवतो. दुपारच्या डुलक्या गेल्या. नाकाच्या कडेला अजून कधीकधी खाज येते, त्यावर कोणाकडे उपाय असेल तर सांगा.