लवंगेच्या अर्काच्या कंपोस्टेबल पिशव्या: अख्खा पावसाळा वापरल्यानंतर

आधी तक्रार, कारण परवाच कस्टमर केअरशी चांगलंच वाजलंय. या पिशव्यांचा लवंगेचा वास जेवणात उतरतो. पावसाळ्यात कोपरखैरण्यात पाव टिकत नाही म्हणून १०० पिशव्यांचं पाकीट घेतलं, एक पिशवी सात रुपयांना पडली. पण तूप लावलेल्या पोळ्या ठेवल्या की डब्यात पहिला घास लवंगेचाच, पनीरचं तेच, ओल्या खोबऱ्याचं तेच. लेकाने डबा तसाच परत आणला, सासूबाईंनी तर पोळ्यांना हातच लावला नाही.

केअरवाला म्हणतो, मॅडम नॅचरल आहे, उडून जाईल. अहो पण उडून गेलं तर बुरशी कोण थांबवणार? लवंगेला वास देणारं युजेनॉल हवेत उडतं म्हणूनच पिशवीभर पसरतं नि बुरशीला आवरतं, आणि तेच तेला-तुपात विरघळतं म्हणून असले पदार्थ वास धरतात. पाकिटावर एक ओळ छापा एवढंच मागत होते, की तूप, पनीर, खोबरं यात ठेवू नका. तर कूपन पाठवलं.

एक स्टार देणार होते, पण लादीपावाने मत बदललं. साध्या पिशवीत तिसऱ्या दिवशी खालच्या बाजूला हिरवे ठिपके येतात, यात पाचव्या दिवशीही पाव स्वच्छ, तोही भर जुलैत. वाशी मार्केटची कोथिंबीरही छान राहते, फक्त फडक्यावर पसरून पूर्ण कोरडी करा, नाहीतर पिशवीतलं स्टार्च पाणी ओढतं आणि पिशवी मऊ पडून जोडावर उसवते.

पाकीट अर्ध्यावर आलं तसा कोऱ्या पिशव्यांचा वास गेला आणि पावावर परत ठिपके दिसायला लागले. म्हणजे ज्या वासावरून मी भांडले तोच काम करत होता. आता उरलेल्या पिशव्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवते, बराच फरक पडलाय.

कंपोस्टचं म्हणाल तर सोसायटीच्या टाकीत टाकलेली पिशवी अजून ओळखू येते. यात पीएलए, म्हणजे वनस्पतींपासून बनवलेलं प्लास्टिक, मिसळलेलं आहे आणि त्याला मोठ्या प्लांटमधली ५८ अंशांच्या आसपासची उष्णता लागते, आपल्या टाकीत ती कुठून येणार? हेही ठळक छापायलाच हवं.

तीन स्टार. पोळ्यांना मलमलचं फडकंच बरं. पाव-कोथिंबिरीसाठी परत घेईन, पण २५ पिशव्यांचंच पाकीट, म्हणजे वास उडायच्या आत संपेल.