हरवलेली धावपट्टी: आधी रेकॉर्ड बुक की आधी गूगल अर्थ?

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढलेल्या एखाद्या स्क्वाड्रनची धावपट्टी शोधायला निघालेल्यांचे सरळ दोन गट पडतात. एक थेट गूगल अर्थ उघडतो. दुसरा स्क्वाड्रनचं ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक, म्हणजे ओआरबी, ही तिच्या रोजच्या कामाची नोंदवही, घेऊन बसतो. मी दोन्ही करून बघितलंय. इंफाळ, पालेल असली नावाजलेली ठिकाणं सोडून देऊ, ती कुठेही मिळतात. अडतं ते उधारबंद, डबल मूरिंग्ज असल्या नावांपाशी.

उपग्रहाचा मोह मोठा असतो, आणि तो अगदीच खोटा नाही. घरबसल्या, फुकट, आणि पट्टी पक्की असेल तर काम झटपट होतं. बांगलादेशात फेणीच्या जुन्या विमानतळावर आता मुलींचं कॅडेट कॉलेज आहे, कोमिल्याच्या तळावर निर्यात प्रक्रिया क्षेत्र उभं राहिलंय. तरी मूळ जागेचा अंदाज यायला फारसा वेळ लागत नाही. नव्या बांधकामाने सगळं झाकलं असेल तर अमेरिकेच्या कोरोना हेरगिरी उपग्रहांची १९६० ते १९७२ मधली चित्रं आहेत. ती १९९५ मध्ये खुली झाली. शहरं पसरण्याआधीची जमीन त्यांत दिसते.

कच्च्या पट्ट्यांचं मात्र अवघड. भातखाचरांचे बांध मोडायचे, जमीन चोपायची, कुठे लोखंडी जाळीच्या फळ्या टाकायच्या, तर कुठे डांबर चढवलेलं तरट अंथरायचं. या तरटाला ‘बिथेस’ म्हणत. कित्येक पट्ट्या फक्त कोरड्या हंगामापुरत्या. युद्ध सरलं, बांध पुन्हा पडले, आणि वरून बघणाऱ्याला आता नुसतं भात दिसतं.

तेही चाललं असतं. मला खरा वैताग आला तो वेगळ्याच गोष्टीचा: उपग्रहाचं चित्र कधी ‘नाही’ म्हणत नाही. आसामातल्या कछारमध्ये नजर फिरवा. चहामळ्याची कड सरळ, कालवा सरळ, नवा रस्ता सरळ. दोन तास बघत बसलं की त्यातली हवी ती रेघ धावपट्टी वाटायला लागते, आणि ती नाही हे सांगणारं चित्रात काहीच नसतं. उधारबंदचंच घ्या. मार्च १९४४ मध्ये भारतीय हवाईदलाची ७ नंबरची स्क्वाड्रन व्हेन्जन्स ही बॉम्बफेकी विमानं घेऊन तिथे आली. जवळच कुंभीरग्राम, म्हणजे आजचा सिल्चर विमानतळ. तिथेही ब्रिटिश व्हेन्जन्स स्क्वाड्रन्स होत्या. नकाशावरची मोठी ठसठशीत धावपट्टी बघून ‘हीच ती’ म्हणायचा मोह कुणालाही होईल. त्या पट्टीवरून कोण कधी उडालं, हे चित्र सांगत नाही.

ओआरबी सांगतं. त्यातल्या फॉर्म ५४० वर पहिलाच रकाना जागेचा, दुसरा तारखेचा. अर्थात या कागदांचेही नखरे आहेत. कार्बन प्रती फिकट असतात, अक्षांश-रेखांश नसतात, गावाचं नाव कारकुनाला जसं ऐकू आलं तसं उतरतं, आणि एखादी तुकडी पुढच्या पट्टीवर गेली तरी जागेच्या रकान्यात मुख्य तळाचंच नाव चालू राहतं. पण मग फॉर्म ५४१ काढायचा. त्यात प्रत्येक विमानाची उड्डाणाची आणि उतरण्याची वेळ असते. लक्ष्य माहीत असेल तर जाऊन-येऊन लागलेल्या वेळेवरून पट्टी लक्ष्यापासून साधारण किती अंतरावर असेल याचा हिशेब बसतो. तुमची आवडती जागा त्या हिशेबात बसली नाही, तर ती गेली. असा नकार मिळाला की पुढचं शोधणं सोपं होतं.

आपल्या स्क्वाड्रनची पानं तुटक असतील तर त्याच तळावरच्या शेजारी स्क्वाड्रनची बघावीत. पाहुण्यांबद्दल, आणि त्यांच्यामुळे झालेल्या गर्दीबद्दल, एखादी ओळ बहुधा सापडते. ब्रिटिश हवाईदलाच्या स्क्वाड्रन्सची ही बुकं लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘एअर २७’ या मालिकेत आहेत, आणि तळांची वेगळी ‘एअर २८’ मध्ये. स्क्वाड्रनचं वाचून झालं की तळाचंही चाळावं, बरेच जण ते विसरतात.

नुसतं तिथे जाऊन उभं राहायचं असेल, तारखांशी देणंघेणं नसेल, तर उपग्रह पुरेसा आहे, असं मी प्रामाणिकपणे म्हणेन. पण वैमानिकाच्या लॉगबुकातल्या नोंदीशी जागा जुळवायची असेल तर माझ्या मते आधी कागद, मग टेक्सास विद्यापीठाच्या पेरी-कास्टानेडा ग्रंथालयाने खुले ठेवलेले यू ५०२ मालिकेचे १:२,५०,००० चे जुने नकाशे, आणि गूगल अर्थ अगदी शेवटी. तेसुद्धा तोवर कागदावर चार-पाच किलोमीटरचं वर्तुळ आखून झालं असेल तरच.