झॅबिक्सच्या मॅपवर होस्टचे आयकॉन: दोन महिने वापरल्यावर

झॅबिक्स म्हणजे नेटवर्कवरची यंत्रं चालू आहेत की बंद ते दाखवणारं सॉफ्टवेअर, त्याच्या मॅपवर प्रत्येक यंत्र, म्हणजे होस्ट, एका आयकॉनने दिसतं. इंदूरला आमच्या ऑफिसच्या चार शाखा, राजवाडा, पलासिया, विजय नगर आणि राऊ, मिळून 80 च्या वर डिव्हाइस आणि मॅपवर सगळ्यांना सर्व्हरचंच चित्र. रात्रपाळीच्या मुलाला नुसत्या होस्टनेमवरून काय कळणार, प्रिंटर बंद झाला की रात्री दोनला मला फोन आणि नेटवर्कचा स्विच गेला तर सकाळपर्यंत कुणाला पत्ता नाही. म्हणून शेवटी आयकॉन नीट करायचे ठरवले.

स्वतःचे आयकॉन टाकणं सोपंय, अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये जनरल, तिथे इमेजेस, पीएनजी फाइल अपलोड करायची, 1 एमबीच्या आतली. फक्त साइझ आधीच बघा, चित्र जेवढं असेल तेवढंच मॅपवर दिसतं, मी 512 पिक्सेलचा प्रिंटर टाकला आणि अख्खी राजवाड्याची शाखा त्याच्याखाली झाकली गेली! 48 किंवा 64 पुरे, बॅकग्राउंड ट्रान्सपरंट हवं.

खरी मजा आयकॉन मॅपिंगमध्ये आहे. होस्टच्या इन्व्हेंटरीतलं, म्हणजे त्या यंत्राच्या माहितीच्या नोंदीतलं, एखादं फील्ड घ्यायचं, मी टाइप घेतलं, त्यावर रेगेक्स, म्हणजे मजकूर जुळवायचा नमुना, लिहायचा आणि समोर आयकॉन निवडायचा, मग मॅपच्या सेटिंगमध्ये ऑटोमॅटिक आयकॉन मॅपिंग निवडलं की एकेका होस्टला हात लावावा लागत नाही. झॅबिक्स नियम वरून खाली तपासतो आणि जो नियम आधी जुळेल तो लागतो, म्हणून "कोअर स्विच" चा नियम साध्या "स्विच" च्या वर ठेवा. आणि होस्टवर इन्व्हेंटरी चालू आहे ना ते पहिले बघा, ती मुळात डिसेबल्ड असते, माझी एक पूर्ण संध्याकाळ यातच गेली, रेगेक्सच चुकलाय असं समजून तोच खरडत बसलो होतो.

आयकॉन हायलाइटिंग पण चालू ठेवा. प्रॉब्लेम आला की आयकॉनमागे सिव्हिरिटीच्या, म्हणजे प्रॉब्लेम किती गंभीर त्याच्या, रंगाचा गोल येतो, मेंटेनन्समधल्याला नारिंगी चौकोन. लाल रंगाचे वेगळे प्रॉब्लेम आयकॉन बनवायच्या भानगडीत मी मग पडलोच नाही, चित्रावरून वस्तू कळते, रंगावरून तब्येत.

पैसे काही लागत नाहीत, ओपन सोर्स आहे. मेहनत मात्र इन्व्हेंटरी भरायची, ती आमच्याकडे दोन रविवार चालली. माझ्याकडून साडेचार स्टार. परवा राऊची लाइट गेली तेव्हा त्याच मुलाचा फोन आला, "काका, स्विच गेलाय, प्रिंटर नाही, मी यूपीएस बघायला सांगितलंय तिकडे."