रविवार सकाळचं हवापाणी: टायरमध्ये हवा भरायच्या बॅटरीवाल्या मशीनचा चौदा महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मी टायरमध्ये हवा भरायचं बॅटरीवर चालणारं मशीन मागवलं. किंमत २,६९९ रुपये. घरात सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, की पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते, मग हे कशाला? मिळते खरी. पंपावर हवा मोफत देणं बंधनकारकच आहे. पण मी चिपळूणहून सावर्ड्याच्या पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायला जाते, स्कूटरवरून. सकाळी निघताना वाटेतल्या पंपावर हवेचा मुलगा आलेला नसतो. संध्याकाळी परतताना कॉम्प्रेसर बंद असतो. आणि सगळं जुळून आलंच, तर तो मुलगा न विचारता पुढे-मागे सरळ ३५ मारून मोकळा होतो.

माझ्या स्कूटरच्या पुस्तिकेत एकटीने चालवताना पुढे २२ आणि मागे २९ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असं स्पष्ट छापलंय. पुढच्या चाकात २२ च्या जागी ३५ हवा असेल, तर टायर दगडासारखा होतो, रस्त्यावर पुरता टेकत नाही. हायवेच्या कामामुळे आमच्याकडे काँक्रीटवर लाल चिखल वाहून येतो. त्या चिखलावर असं चाक घेऊन ब्रेक दाबल्यावर काय होतं ते मी एकदा अनुभवलंय. पडले नाही, पण त्या संध्याकाळी घरी येऊन मशीन मागवलं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. एक तर पुढे तिच्याबद्दल थोडी तक्रार करायची आहे, आणि या आकाराची, या किमतीची मशीनं वापरायला बरीचशी सारखीच असतात.

आकार अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीएवढा, वजन अर्ध्या किलोच्या किंचित वर. वर छोटा पडदा आणि चार बटणं. एक वीतभर रबरी नळी, तिच्या टोकाला पितळी नोझल, ते टायरच्या वॉलवर, म्हणजे हवा भरायच्या तोंडावर, आट्यांनी फिरवून बसवायचं. बसवलं की टायरमध्ये आत्ता किती हवा आहे तो आकडा लगेच दिसतो. हवा तेवढा आकडा लावायचा, बटण दाबायचं, तिथपर्यंत पोचलं की मशीन आपोआप थांबतं. मला यंत्रांची फारशी सवय नाही, तरी दुसऱ्या वेळेपासून कुणाला विचारावं लागलं नाही.

वेळ किती लागतो ते सांगते. स्कूटरचं मागचं चाक २० वरून २९ वर न्यायला जेमतेम अर्धा मिनिट. गाडीचा टायर २६ वरून ३३ वर न्यायला दोन मिनिटांच्या आसपास. गाडीची स्टेपनी पहिल्यांदा तपासली तेव्हा तिच्यात फक्त १४ होती! गाडी घेतल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. ती ३३ वर न्यायला पाच मिनिटं लागली आणि तोवर मशीन चांगलंच तापलं. एका चार्जिंगमध्ये गाडीची चारही चाकं थोडी थोडी भरून, वर स्कूटर करूनही बॅटरीच्या चारपैकी एक काडी उरते.

पण या मशीनने मला खरं काय दिलं, ते हवा भरण्याच्या आधीचं आहे. टायरमध्ये किती हवा आहे हे मला कळायला लागलं. इतकी वर्षं मी चाकाला लाथ मारून किंवा अंगठ्याने दाबून ठरवत होते. ट्यूबलेस टायरची भिंत जाड असते, हवा निम्म्यावर आली तरी तो बाहेरून ठीकच दिसतो.

दर रविवारी सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, मी आकडे घेऊन एका वहीत लिहायला लागले. टायर थंड असतानाच मोजायचं, कारण चालवल्यावर आतली हवा तापून आकडा फुगतो. तिसऱ्या-चौथ्या रविवारी लक्षात आलं, की स्कूटरचं पुढचं चाक आठवड्याला जेमतेम एक पीएसआय सोडतंय आणि मागचं चार. पंक्चर नव्हतं, खिळा नव्हता. साबणाचं पाणी करून वॉलच्या तोंडावर लावलं, तर मधूनच एक बारीक बुडबुडा फुगायचा. वॉलपिन खराब झाली होती. सावर्ड्याच्या पंक्चरवाल्याने वीस रुपयांत बदलून दिली. पुढच्या रविवारी वहीत मागच्या चाकापुढे फक्त एकची घट होती. त्या दिवशी मला केवढा आनंद झाला! हे मशीन नसतं, तर मी आणखी वर्षभर दर पंधरा दिवसांनी हवा मारत राहिले असते आणि टायरच खराब निघाला असं म्हटलं असतं.

खरी कसोटी ऑगस्टमध्ये लागली. शाळा सुटल्यावर निघाले, पाऊस धो धो. मुख्य रस्त्याला लागायच्या आधी मागचं चाक डोलायला लागलं. एस.टी.च्या थांब्याच्या शेडमध्ये स्कूटर घेतली. टायरमध्ये एक चपट्या डोक्याचा खिळा, हवा ९ पीएसआय. सोबत आमच्या शाळेतल्या मदतनीस ताई होत्या, त्यांचा हात खिळ्याकडे गेला. मी थांबवलं. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा आहे तिथे असला, की तोच भोक बऱ्यापैकी बुजवून ठेवतो. काढला की सगळी हवा भसकन जाते आणि मग हे छोटं मशीन काही करू शकत नाही. मशीन या पावसात भिजू द्यायचं नव्हतं, म्हणून ताईंनी वर छत्री धरली आणि मी हवा भरली. पंक्चरवाल्याचं दुकान सहा किलोमीटरवर. मध्ये एकदा थांबून पाहिलं, २९ चे २३ झाले होते. पुन्हा भरली, हळूहळू दुकानापर्यंत पोचलो. त्या पंक्चरवाल्याची मुलगी माझ्याच वर्गात आहे. तो म्हणाला, "बाई, खिळा काढला नाहीत ते लय बरं केलंत." आणि मग मशीन हातात घेऊन उलटसुलट बघत राहिला.

हेच जर ट्यूबवाल्या टायरला झालं असतं, तर मशीन असून नसल्यासारखं. ट्यूबमध्ये खिळा गेला की हवा भरत जाईल तशी निघून जाते. ज्यांच्या जुन्या दुचाकीला ट्यूब आहे, त्यांनी संकटात उपयोगी पडेल या भरवशावर हे घेऊ नये. नेहमीची हवा राखायला घ्यावं.

गाडीची गोष्ट वेगळी. डिसेंबरात आम्ही कुंभार्ली घाटातून कराडला जात होतो. सकाळी निघताना चारही चाकं ३३ करून घेतली. कोयनानगरला चहाला थांबलो तेव्हा माझ्या नवऱ्याने हौसेने पुन्हा मोजलं, तर ३७! तो लगेच जास्तीची हवा सोडायला बसला. मी हात धरला. चढावर सतत चालून टायर तापले होते. तापमान १० अंशांनी चढलं की गाडीच्या टायरमधला आकडा दीड पीएसआयच्या आसपास चढतो. शिवाय चिपळूण जवळपास समुद्राच्या पातळीवर आणि कोयनानगर सुमारे ७०० मीटर वर. उंचावर बाहेरच्या हवेचा दाब कमी असतो, म्हणून टायरमध्ये तेवढीच हवा असूनही मीटर एखादा पीएसआय जास्त दाखवतो. तिथे हवा सोडली असती, तर दुसऱ्या दिवशी थंड टायर घेऊन घाट उतरताना तीच कमी पडली असती. कराडला मुक्काम केला, सकाळी मोजलं, ३४. ड्रायव्हरच्या दाराच्या आत, खांबावर एक स्टिकर असतो. त्यावरचा आकडा थंड टायरचा असतो, हे एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

आमच्या गाडीच्या पुढच्या दोन्ही टायरांच्या कडा झिजलेल्या आणि मधला भाग चांगला, असं का, याचं उत्तरही मला वहीतूनच मिळालं. हवा कमी असली की टायर कडांवर बसतो. वर्षानुवर्षं आम्ही २५-२६ वर गाडी चालवत होतो.

आता दोष. आवाज फार मोठा आहे. सकाळी सहाला अंगणात सुरू केलं तर शेजारच्या काकू खिडकीत येतात. मी आता आठनंतरच करते. पितळी नोझल दोन-तीन मिनिटांनी इतकं तापतं की बोट भाजतं. पहिल्यांदा मला फोड आला होता, तेव्हापासून जुना रुमाल सोबत ठेवते. सलग दोन चाकं झाली की पाच मिनिटं विश्रांती द्यायची, पुस्तिकेतही तसं लिहिलंय. आट्या सोडवताना फुस्स करून थोडी हवा जाते. गाडीच्या मोठ्या टायरला ते जाणवत नाही, स्कूटरच्या लहान टायरला अर्धा पीएसआय तरी जातो.

मीटरही अगदी अचूक नाही. टायरच्या दुकानातल्या मोठ्या डायलशी तीनदा ताडून पाहिलं. आमचं मशीन दीडने जास्त सांगतं. तीनही वेळा दीडनेच, म्हणून चालतं. गाडीला ३३ हवी तर मी ३४.५ लावते. स्कूटरला मागे ३१, पुढे २४, म्हणजे सोडवतानाची हवाही हिशोबात येते. तुम्ही घेतलंत तर पहिल्याच आठवड्यात एकदा तरी दुकानातल्या डायलशी ताडून घ्या. वर लिहिलेले माझे सगळे आकडे हा फरक वजा करूनच दिले आहेत.

चार्जिंगचं तोंड टाइप-सी आहे, पण लॅपटॉपच्या दोन्हीकडून टाइप-सी असलेल्या वायरीने ते चार्जच होत नाही. मला वाटलं बिघडलं. मोबाइलच्या साध्या जुन्या चार्जरला लावलं की होतं. उन्हात उभ्या गाडीत मशीन ठेवू नका, आत लिथियमची बॅटरी आहे. मे महिन्यात मी ते घरात ठेवते. स्कूटरच्या डिकीतही नाही, खाली इंजिनची धग असते. रोजच्या पिशवीत वह्यांच्या बाजूला असतं.

लेकीच्या सायकलचा अनुभव अर्धवट आहे. तिच्या साध्या सायकलला जुन्या पद्धतीचा वॉल आहे, आत रबरी वॉलट्यूबवाला. डब्यात आलेला छोटा जोड लावून हवा भरता येते, पण आकडा खरा येत नाही, कारण ती वॉलट्यूब आतल्या हवेचा दाब बाहेर कळू देत नाही. तिथे अंगठाच बरा. शाळेतले फुटबॉल मात्र सुईने झकास भरले जातात. मुलं आता मधल्या सुट्टीच्या आधीच रांग लावून उभी राहतात.

तक्रार एकच, पण ती मनाला लागलेली आहे. आठव्या महिन्यात नळी जिथे मशीनला जोडते तिथून हवा गळायला लागली. वॉरंटी एक वर्षाची होती. कंपनीने व्हिडिओ मागितला, मग बिल, मग दुसरा व्हिडिओ. तीन आठवड्यांनी नवं मशीन आलं, पैसे लागले नाहीत. पण मला फक्त नळी हवी होती, हे पाचदा सांगूनही त्यांच्याकडे नळी वेगळी विकत मिळत नाही. आमच्या सासऱ्यांचा, अण्णांचा, पायाने मारायचा पंप माळ्यावर आहे, तीस वर्षांपूर्वीचा. त्याचा चामड्याचा वायसर अण्णा दर वर्षी तेल लावून स्वतः बदलायचे. त्या तीन आठवड्यांत मी तोच खाली काढला. घाम निघाला, पण हवा भरली.

मोठी एसयूव्ही किंवा पिकअप असेल तर यापेक्षा दमदार, गाडीच्या बॅटरीला जोडायचं मशीन घ्या. हे त्या टायरांपुढे दमतं. टायर रिमवरून निसटलेला असेल तरीही हे कामाचं नाही, त्याला दुकानातल्या कॉम्प्रेसरचा जोराचा झोत लागतो. माझ्यासारखी रोजची स्कूटर आणि घरची एक लहान गाडी असेल, तर मी पुन्हा हेच घेईन.

नळी वेगळी विकावी म्हणून कंपनीला गेल्या महिन्यात पुन्हा पत्र लिहिलं आहे. अजून उत्तर नाही.