कर्वे रोडच्या ब्रांचमधलं एनआरआय डिमॅट: माणसं चांगली, चार्जेस जास्त

मी दुबईत असते, सुट्टीत पुण्याला आले तेव्हा कर्वे रोडवरच्या एका प्रायव्हेट बँकेत थ्री-इन-वन अकाउंट (बँक खातं, शेअर खरेदी-विक्रीचं ट्रेडिंग खातं आणि शेअर ठेवायचं डिमॅट, तिन्ही एकत्र) काढलं. तिथल्या मॅडमना पूर्ण मार्क, कारण अकाउंट विकायच्या आधी त्यांनी एनआरई (परदेशातल्या कमाईचं खातं) आणि एनआरओ (भारतातल्या कमाईचं खातं) यांतला फरक नीट बसून सांगितला. एनआरईमधून घेतलेले शेअर विकले की टॅक्स कापून उरलेले पैसे सरळ परत बाहेर नेता येतात, एनआरओमधून मात्र एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंतच आणि त्यासाठी सीएचं सर्टिफिकेट वगैरे वेगळी कागदपत्रं. आणि इथे असतानाचं जुनं साधं डिमॅट तसंच वापरत राहता येत नाही हो, फेमाच्या (परकीय चलन कायद्याच्या) नियमाने ते एनआरओमध्ये बदलावं लागतं, आमच्या ग्रुपमधल्या कितीतरी जणांना हे माहीतच नव्हतं, प्लीज चेक करा!

इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकणं) विसरा, एनआरआयला शेअर डिलिव्हरीतच, म्हणजे डिमॅटमध्ये जमा करूनच, घ्यावे लागतात. लिस्टेड शेअर विकताना टीडीएस (पैसे हातात येण्याआधी कापला जाणारा टॅक्स) आधीच कापतात, वर्षाच्या आत विकले तर नफ्यावर २० टक्के, नंतर १२.५, वर सेस.

खटकलं ते ब्रोकरेज, डिस्काउंट ब्रोकरपेक्षा (कमी दलालीवाल्या ऑनलाइन ब्रोकरपेक्षा) खूपच जास्त, त्यामुळे सारखी खरेदी-विक्री करणाऱ्यांनी इथे येऊच नये, वर्षानुवर्षं शेअर ठेवणाऱ्यांना चालेल. अमेरिका-कॅनडावाल्यांनी म्युच्युअल फंडाचं आधीच विचारा, फॅटका (परदेशी खात्यांची माहिती मागणारा अमेरिकेचा कायदा) आणि तिकडच्या इतर नियमांमुळे सगळी फंड हाऊसेस त्यांचे पैसे घेत नाहीत.