सासूबाईंचे पाच ओटे: पुणं सोडून धुळ्यात आल्यानंतरचे 14 महिने

पुण्यात वाकडला असताना माझी स्कूटर महिन्याला साडेपाचशे-सहाशे किलोमीटर पळायची. दूध, शाळेची बस चुकली तर शाळा, क्लास, भाजी, सगळं तिच्यावर. गेल्या दिवाळीत आम्ही धुळ्याच्या या गल्लीत राहायला आलो, तेव्हा काट्यावरचा आकडा नवऱ्याने पेट्रोलच्या पावतीमागे लिहून ठेवला होता. परवा पावती सापडली. नऊ महिन्यांत अकराशे किलोमीटर, आणि त्यातले निम्मे तर शिंदखेड्याच्या, म्हणजे सासरच्या गावच्या फेऱ्यांचे. उभ्या उभ्या बॅटरी दोनदा उतरली, तो खर्च वेगळा. इथे रोजचं सगळं पायीच होतं.

पण सुरुवात अशी झाली नव्हती. आधी केलेली चूक सांगते, कारण बाहेरून येणारा जवळजवळ प्रत्येक जण तीच करतो.

नवऱ्याचं काम घरून होणार असं ठरलं आणि आम्ही मागच्या वर्षी जूनमध्ये आलो. पुण्याहून फोनवर फोटो बघून घर ठरवलं. महामार्गापलीकडची नवी कॉलनी, दोन बेडरूम, मोठा हॉल, खाली गाडीला जागा, चारी बाजूंनी उजेड. आमच्या मनात अजून वाकडचीच फूटपट्टी होती: पार्किंग आहे ना, लिफ्ट आहे ना. घराला खरंच नाव ठेवायला जागा नव्हती. फक्त घराबाहेर काही नव्हतं. अर्धे प्लॉट रिकामे, त्यात काटेरी बाभळी, कोथिंबीर आणायची तर महामार्ग ओलांडायचा. आठ वर्षांच्या मुलीला तो ओलांडायला सांगणार कोण? म्हणजे पुन्हा स्कूटर. सासूबाई पाच महिन्यांत किती वेळा खाली उतरल्या ते बोटांवर मोजता येईल. श्रावणात कानबाई, म्हणजे खानदेशची देवी, आली, तीसुद्धा आम्हाला लांबून ऐकू आलेल्या डीजेवरूनच कळली. पुण्यातल्या अकराव्या मजल्यावरून धुळ्यातल्या दुसऱ्या मजल्यावर, एवढाच काय तो फरक.

दिवाळीत ते घर सोडलं आणि जुन्या शहरात, आग्रा रोडच्या आसपासच्या नंबरवाल्या गल्ल्यांपैकी एकीत वरचा मजला घेतला. गल्लीचा नंबर सांगत नाही. सांगितला तर इथे अर्ध्या तासात कोणी ना कोणी दाराशी येऊन म्हणेल, ‘तुमचं लिहिलेलं वाचलं हं ताई.’ भाडं साडेसात हजार. वाकडला सव्वीस भरत होतो. जिना अरुंद आहे, फ्रिज दोरीने गच्चीवरून घ्यावा लागला आणि गाडीला जागा नाही. नातेवाइकांनी वेड्यात काढलं.

या गल्ल्यांबद्दल थोडं. धुळ्यात पत्ता विचारला की लोक नंबर सांगतात, गल्ली नंबर दोन, गल्ली नंबर चार. एकमेकींना धरून सरळ रेषेत जाणाऱ्या, मधे आडव्या बोळांनी जोडलेल्या. इथे कोणालाही विचारा, श्रेय इंजिनिअर विश्वेश्वरय्यांना देतील. विश्वेश्वरय्यांचा जन्म 1860-61 चा. कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्याला खानदेशचं मुख्य ठाणं केलं आणि नवी वस्ती वसवायला घेतली, ती त्याच्या चाळीस वर्षं आधी, 1819 च्या सुमारास. विश्वेश्वरय्या 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले आणि खानदेशात पांझरा नदीवर सायफन, म्हणजे पाणी पलीकडे नेणारा नळ, बांधायचं काम त्यांच्याकडे आलं, तेही नोकरीच्या सुरुवातीलाच. घरमालक नानांना मी हे एकदा सांगून पाहिलं. ते म्हणाले, ‘असंल. पण गल्ल्या त्यांच्याच.’ मी विषय सोडला.

आखणी कोणाचीही असो, फायदा मुलांना झाला. मुलगी दुसऱ्या आठवड्यात एकटी फिरायला लागली, कारण इथे चुकायचंच म्हटलं तरी अवघड आहे. आकडे आपल्या गल्लीच्या नंबरापासून लांब जायला लागले की घरापासून लांब, जवळ यायला लागले की घराकडे. शाळा आठ मिनिटांवर. वाटेत एकच मोठा रस्ता, तिथे सकाळी मी किंवा दुसऱ्या कोणाची तरी आई उभी असते आणि दिसेल त्या पोराला पलीकडे सोडते. ठरवून काही केलेलं नाही.

पहिल्या महिन्यात तिला दही आणायला पाठवलं. पाच मिनिटांचं काम, चाळीस मिनिटं झाली तरी पत्ता नाही. माझ्या डोक्यात पुण्यातल्या आईला येतात ते सगळे विचार येऊन गेले. चप्पल न घालता खाली पळाले, तर ही तिसऱ्या घराच्या ओट्यावर बसून चिवडा खातेय आणि समोर एक आजीबाई. त्यांनी हिला थांबवून विचारलं होतं, ‘कोनी पोर शे व तू?’ हिला अहिराणी कळेना, त्यांना हिचं पुणेरी कळेना, तेव्हा निकाल लागेपर्यंत त्यांनी हिला बसवूनच ठेवलं. दही उन्हात. तेव्हापासून गल्लीत तिची नोंद झाली. आता ती कुठे आहे हे मला तिच्याआधी कळतं.

गिरणी घरापासून नव्वद पावलं. पहिल्यांदा गहू घेऊन गेले तर गिरणीवाल्यांनी विचारलं, ‘पोळीचं की बट्टीचं?’ बट्टीचं दळण जाडसर लागतं, त्यात थोडा मकाही टाकतात, हे मला लग्नाला अकरा वर्षं होऊनही माहीत नव्हतं. पुण्यात पाकिटातल्या पिठाच्या बट्ट्या करायचे, त्या चिवट व्हायच्या आणि सासूबाई काही न बोलता खायच्या. कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारी-उडदाचं प्रमाण आता गिरणीतच कोणी तरी बाई सांगते. दर वेळी वेगळी बाई, वेगळं प्रमाण. शेवभाजीची तिखट शेव, शिंपी, चप्पल शिवणारे काका, दवाखाना, सगळं पायाखाली. चपलेला या वर्षात दोनदा टाच लावून झाली.

आता ओट्यांकडे येते.

सासूबाईंचे गुडघे गेलेले आहेत. डॉक्टर सांगतात चाला, आणि चालायला लागल्या की दोन मिनिटांत बसावंसं वाटतं. वाकडला सोसायटीत जॉगिंग ट्रॅक होता, लाल रबराचा, गुळगुळीत. त्यावर बसायला एक बाक, तोही दुसऱ्या टोकाला. त्या दोनदा गेल्या आणि नंतर म्हणाल्या, मला टीव्ही बरा. इथला रस्ता त्या ट्रॅकच्या पासंगालाही पुरत नाही. खड्डे आहेत, गटारावरची फरशी हलते, फुटपाथ म्हणावं असं काही नाहीच. तरी त्या रोज मारुतीच्या देवळापर्यंत जातात. कारण जुन्या घरांना पुढे ओटा आहे. गुडघाभर उंच, दगडी किंवा कोब्याचा, रस्त्याला लागून. त्यांनी आपले ओटे ठरवून टाकलेत. देऊळ त्यांच्या हिशोबाने पाच ओट्यांवर आहे. पहिला सोनारांचा, दुसरा नानांच्या भावाचा, तिसरा त्या चिवडेवाल्या आजीबाईंचा, असं करत जायचं. जायला वीस मिनिटं, यायला कधी कधी दीड तास.

आणि त्या अहिराणी बोलतात. पुण्यात त्या गप्प असायच्या, तो मला त्यांचा स्वभावच वाटायचा. लिफ्टमध्ये कोणी भेटलं की पदर सावरून कोपऱ्यात उभ्या राहायच्या. इथे मी वरच्या खिडकीतून त्यांचा आवाज ऐकते. चढा आहे. विनोद करतात, आणि त्यातले काही माझ्यावर असतात, एवढं मला आता कळतं.

घर बघताना रस्त्याची रुंदी, पार्किंग, शाळेचं अंतर मी सगळं विचारलं होतं. माणसाला वाटेत टेकता येईल का, हे विचारायचं सुचलंच नाही. घरात म्हातारं माणूस किंवा कडेवरचं मूल असेल तर आधी हे बघा.

आता तक्रारी, आणि त्या कमी नाहीत.

पाणी. नळाला रोज पाणी येत नाही. आमच्याकडे पाचव्या-सहाव्या दिवशी येतं, कधी पहाटे तीनला. खालचा हौद आणि वरची टाकी भरेपर्यंत जागं राहायचं. घर बघायला जाल तेव्हा भाड्याच्या आधी हौद किती लिटरचा ते विचारा.

ऊन. मे महिन्यात पारा 43-44 वर असतो आणि ‘चालण्याजोगी वस्ती’ सकाळी साडेदहाला बंद होऊन संध्याकाळी सहानंतर उघडते. मधल्या वेळात गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही. झाडं नाहीत म्हटलं तरी चालेल. भिंतींची सावली तेवढी मिळते. उलट जानेवारीत थंडी अशी पडते की पुण्याचे स्वेटर इथे हसण्यावारी जातात. म्हणून घर एकदाच बघू नका. मेच्या दुपारी तीनला बघा आणि रात्री नऊलाही बघा.

दुचाक्या. गल्ली अरुंद म्हणून चारचाकी कमी, पण पोरं गाडी अशी काढतात की ओट्यावरच्या माणसानेही पाय वर घ्यावेत. आग्रा रोडवर सणाच्या दिवसांत चालणं म्हणजे ढकलत जाणं.

एकांत नाही. आपण पिझ्झा मागवला की दुसऱ्या दिवशी भाजीवाली विचारते, बरं नव्हतं का. भाडं किती, पगार किती, दुसरं मूल कधी, हे सगळं पहिल्या भेटीत. मला पहिले तीन महिने याचा खूप त्रास झाला. अजूनही कधी कधी मी आडव्या बोळातून लांबून येते, कोणाशी बोलायला नको म्हणून.

आणि बाहेर पडायचं म्हटलं की बस. धुळ्याची रेल्वे म्हणजे चाळीसगावहून आलेला फाटा. धुळ्यावरून जाणाऱ्या मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला 2024 मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, तेव्हा गल्लीत पेढे वाटले होते म्हणे. मुलीच्या कानाचं मोठं दुखणं निघालं तेव्हा आम्ही नाशिक गाठलं, सुमारे दीडशे किलोमीटर. त्या दिवशी वाकडची आठवण आली, खोटं कशाला बोलू.

सुट्टीच्या दिवशी मुलीला घेऊन राजवाडे संशोधन मंडळात गेले होते, आणि एकदा समर्थ वाग्देवता मंदिरात, जिथे समर्थ संप्रदायाची जुनी हस्तलिखितं जपून ठेवली आहेत. दोन्हीकडे चालत. तिला हस्तलिखितांपेक्षा वाटेतला बर्फाचा गोळा जास्त लक्षात आहे.

या श्रावणात कानबाई गल्लीतच बसली. नागपंचमीनंतरच्या रविवारी खालच्या घरात रोटांचा वास, रात्रभर गाणी, सोमवारी सकाळी डोक्यावर घेऊन मिरवत पांझरेकडे. सासूबाई तिसऱ्या ओट्यापर्यंत मागे गेल्या, मग तिथेच बसून हात जोडले.

एक काळजी मात्र आहे. जुनी घरं पडताहेत आणि नव्यांना ओटा नसतो. तिथे शटर येतं, नाही तर गाडी चढवायचा उतार. गेल्या महिन्यात चौथ्या ओट्याचं घर पाडलं. सासूबाई मालकांना जाऊन भेटल्या. काय बोलल्या ते मला सांगितलं नाही, पण मालक नकाशा घेऊन आमच्या घरी आले, चहा घेतला आणि ‘बघतो’ म्हणून गेले. सध्या तिथे विटांचा थर रचून ठेवलाय, बरोबर गुडघाभर उंच. सासूबाई त्यावर फडकं टाकून बसतात आणि गवंड्याला कामात चुका दाखवतात.